बॅज बनारसचा, हिशेब घरचा

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारी घरे मोजायला निघालात तर संध्याकाळ होईल. आमचे घर त्यातलेच एक. आम्ही दोघी जावा. थोरली कटिंग आणि हिशेब बघते, धाकटी शिलाई आणि गिऱ्हाईक. खाली चार मशीन, वर राहते घर. एप्रिल लागला की जून संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते.

शर्टाच्या खिशावर शाळेचा बॅज बसवायचे काम मात्र आम्ही घरात करत नाही. ते गल्लीतल्या बायकांकडे जाते. कॉम्प्युटरच्या मशीनवर भरलेले बॅज शेकड्याने येतात, खिसे कापून ठेवलेले असतात. दोन्ही एका पिशवीत घालून द्यायचे आणि चार दिवसांनी बॅज लावलेले खिसे परत घ्यायचे. एका खिशाला दीड रुपया हा आमचा दर होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बनारसच्या वाटेने फिरून आम्हाला शेवटी याच दीड रुपयापाशी यायचे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका जुन्या शाळेतून बोलावणे आले. शाळेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. कार्यालयातल्या काचेच्या कपाटात एक जुना कोट टांगलेला होता. त्याच्या खिशावर सोनेरी तारेने भरलेला बॅज होता. मध्ये दिवा, खाली उघडे पुस्तक, भोवती पानांची माळ. तार काळवंडली होती, पण एकही पान निखळले नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "अगदी असेच चाळीस हवेत. मशीनचे नकोत."

आमच्या ओळखीच्या मशीनवाल्यांनी हात वर केले. तेव्हा एका नातेवाइकाने बनारसच्या लल्लापुऱ्याचे नाव सांगितले. फोन झाला. तिकडचे कारखानदार म्हणाले, नमुना हातात घेतल्याशिवाय भाव सांगणार नाही. तो बॅज शाळेकडे एकुलता एक, कुरियरने पाठवायची हिंमत होईना. शेवटी ठरले, आपणच जाऊ. थोरलीचे शौहर सोबत निघाले. त्यांना सगळे घर भाईजान म्हणते, म्हणून इथेही भाईजानच म्हणू. बॅज रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा थोरलीच्या मांडीवर.

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली. दिवस कुर्ल्यात नातेवाइकांकडे काढला आणि मध्यरात्री महानगरी एक्स्प्रेस धरली. कुर्ल्यात त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली. त्यात लाकडी चौकटीवर ताणलेले कापड आणि दोन्ही बाजूंनी मांडी घालून बसलेली बिहार आणि उत्तर प्रदेशातली पोरे. रात्री चौकट भिंतीला उभी करायची आणि तिथेच झोपायचे. मुंबईत लग्नाच्या घागऱ्यांवर जे झगमगते ते बरेचसे अशा खोल्यांतून येते. एवढे बघून आम्हाला वाटले, बनारसलाही असेच काही असणार. ते बरेचसे तसेच होते, फक्त तिथे ते घर होते.

भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना करत गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमारास बनारसला पोहोचली. धुके इतके की रिक्षावाल्याने समोर बघत नव्हे, अंदाजाने रिक्षा चालवली. बनारस म्हटले की आपल्या डोळ्यासमोर घाट येतात. आम्ही घाट पाहिले ते परतताना, तासभर. आमचे बनारस म्हणजे लल्लापुऱ्याच्या गल्ल्या. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावे अशा. सकाळी आठपासून घराघरांतून पॉवरलूमची खटखट सुरू झाली आणि थोरली म्हणाली, "अगं, आपण सोलापुरातच आहोत की!" आमच्याकडे चादरी आणि टॉवेल, तिथे साडी, पण आवाज तोच.

लल्लापुऱ्याची एक ओळख मात्र साडीपेक्षा वेगळी आहे. इथे जरदोजीचे बॅज बनतात. जर म्हणजे सोने आणि दोज म्हणजे शिवणे, दोन्ही फारसी शब्द. मोगलांच्या शाही कारखान्यांत पोशाखांवर, तंबूंवर, हत्तीघोड्यांच्या झुलींवर जे काम व्हायचे तेच पुढे इंग्रजांच्या काळात पलटणींच्या बिल्ल्यांवर आले. इंग्रज गेले, काम राहिले. आजही परदेशांची सैन्यदले, क्लब, महाविद्यालये यांचे हाताने भरलेले बॅज या गल्ल्यांतून जातात. सरहद्दीपलीकडे सियालकोट हे या कामाचे दुसरे मोठे गाव.

कारखानदार साठीचे होते. सलाम-दुआ झाली, चहा आला. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांनी डबा उघडला, बॅज खिडकीजवळ नेला, पालथा केला आणि मागचे टाके बघत राहिले. समोरून बघायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. "कारीगर अच्छा था," एवढेच म्हणाले. मग चौकटींवर चाललेले काम दाखवले. एकावर नांगर, एकावर दोन पायांवर उभा सिंह, एकावर मुकुट. मुकुटाचे त्यांनी हसत सांगितले. २०२२ मध्ये इंग्लंडच्या राणी वारल्या, राजे गादीवर आले आणि राजचिन्हातल्या मुकुटाचा आकार बदलला. तिकडे मुकुट बदलला आणि इकडे लल्लापुऱ्यात जुने खाके बाजूला ठेवून नवे टोचावे लागले. सात समुद्रापलीकडच्या तख्ताची खबर या गल्लीला सुईच्या टोकावर कळते.

भावाची बोलणी भाईजाननी केली. चाचांनी एका बॅजचे साडेपाचशे सांगितले. आम्ही धंद्यातली माणसे, सांगितला भाव मान्य करणे आमच्या रक्तात नाही. अर्धा तास घासाघीस झाली आणि पाचशेवर तुटले. बाहेर पडल्यावर आम्हाला बरे वाटले. चाळीस बॅजचे दोन हजार वाचले, येण्याजाण्याच्या तिकिटाचा भार हलका झाला.

जोहरनंतर भाईजान फातमानला जाऊन आले. लल्लापुऱ्याला लागूनच हे जुने कब्रस्तान आहे. उस्ताद बिस्मिल्लाह खाँ तिथेच कडुलिंबाखाली विसावले आहेत. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, २००६ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांची सनई साऱ्या जगाने ऐकली. त्यांच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर जे हात सुई चालवतात, त्यांचे कामही जगभर जाते. त्यावर नाव मात्र नसते. बॅजवर पलटणीचे नाव असते, ते काढणाऱ्याचे नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी विचारले, "औरतों का काम देखिएगा?" भाईजान खालीच बसले. आम्ही दोघी मागच्या बाजूच्या घरात वर गेलो. एक खोली, तिला एक खिडकी. खिडकीला लावून चौकट, कारण उजेड तेवढाच. चार बायका बसल्या होत्या. एक आमच्या अम्मींच्या वयाची, दोन तिच्या सुना, एक शेजारची मुलगी. त्यांनी सरकून जागा दिली आणि आम्ही तिथे दोन दिवस बसलो. जे शिकलो ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकींच्या हातात भरतकाम आहे आणि हे काम घरी करून बघण्यासारखे आहे.

आधी खाका. चित्र पारदर्शक कागदावर काढतात आणि रेघांवर बारीक सुईने जवळजवळ भोके पाडतात. कागद कापडावर पसरून, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड कापडाच्या बोळ्याने वरून घासतात. कागद उचलला की खाली ठिपक्यांचे चित्र. कापड म्हणजे गडद निळी किंवा काळी बनात. ती एका साध्या पांढऱ्या कापडावर टाचलेली असते आणि ते पांढरे कापड चौकटीवर ढोलासारखे ताणलेले. ताण कमी पडला तर सगळे काम गोळा होते.

मग भराई. बॅजचा सिंह फुगीर दिसतो तो तारेमुळे नाही, तारेखालच्या सुतामुळे. पिवळ्या जाड सुताचे टाके एकावर एक घालून उंचवटा करतात. जिथे छाती तिथे जास्त, जिथे शेपटी तिथे नावापुरते. काही ठिकाणी पुठ्ठा किंवा फेल्ट कापून बसवतात. सूत पिवळेच का, असे धाकटीने विचारले. म्हातारी म्हणाली, वरची तार कुठे जराशी सरकली तर खालचे पिवळे सोन्यात खपून जाते.

शेवटी तार. ही तार म्हणजे दोरा नव्हे. अतिशय बारीक तार स्प्रिंगसारखी वळवलेली असते, आतून पोकळ. तिला डबका म्हणतात. तिचे प्रकार आहेत. कोरा हा मंद दिसतो, नक्षीला पैलू असतात म्हणून ती चमकते. पानाची एक बाजू कोऱ्याची आणि दुसरी नक्षीची भरली की पान जिवंत दिसते. पूर्वी तार चांदीची आणि वर सोन्याचा मुलामा. आता बहुतेक तांब्याची आणि वर मुलामा. ही जर बहुतांशी सुरतेहून येते.

डबक्याचे कात्रीने छोटे तुकडे करायचे. दोऱ्याला मेण लावून घ्यायचे. सुई खालून वर काढायची, तिच्यात तुकडा मण्यासारखा ओवायचा आणि भराईच्या पलीकडे सुई खाली न्यायची. एवढेच. पण तुकडा तांदळाच्या टोकाएवढा जरी लांब झाला तरी तार कमान करून उभी राहते आणि आखूड झाला तर सूत डोकावते. माप कुठे लिहिलेले नाही, ते डोळ्यात असते. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा किंचित वेगळा. आमच्या दिव्याच्या ज्योतीला म्हातारीने अठ्ठावीस तुकडे लावले, आम्ही मोजले.

भरून झाले की पालथ्या बाजूला खळ लावून वाळवतात, म्हणजे टाके जागचे हलत नाहीत. मग कडेने कापून, काठ वळवून, मागे कापड लावून बॅज पुरा होतो. हाताच्या तळव्यात मावेल एवढा बॅज. त्याला जवळजवळ एक दिवस.

तार तोलून मिळते. काम झाल्यावर उरलेली तार आणि कातरणसुद्धा तोलून परत द्यायचे. म्हातारीजवळ काडेपेटीएवढी डबी होती, तिच्यात ती कापलेले बारीक तुकडे बोटाला थुंकी लावून गोळा करत होती. तुकडा जमिनीवर पडला की चौघींचे हात थांबत. आम्हाला वाटले, सोने असल्यासारखे जपतात. धाकटी सून म्हणाली, "कम निकले तो हमारे हिसाब से कटता है."

तिचा एक डोळा लाल होता. चष्म्याचा नंबर बदलला आहे, पण नवा चष्मा ईदनंतर, असे तिने सांगितले. बोलता बोलता मजुरी निघाली. आम्ही विचारली नव्हती, तिनेच सांगितली. साध्या बॅजला किती, सिंहाला किती. मग चौकटीवरच्या आमच्या दिव्या-पुस्तकाकडे सुई दाखवून म्हणाली, "इसका एक सौ अस्सी बोला था. कल शाम को आ के बोले, एक सौ साठ मिलेगा. कोई सोलापुरवाले आए हैं, उन्होंने भाव तोड़ दिया."

तिला माहीत नव्हते. म्हातारीला कळले असावे, तिने सुनेकडे एकदा पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. थोरलीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे तिला तोंडाला लावल्यावर कळले.

आम्ही पन्नास रुपये तोडले होते. त्यातले वीस या खोलीतून गेले होते. दिवसभराच्या कामातले वीस.

असरच्या आधी खाली येऊन आम्ही चाचांशी बोललो. ते चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. त्यांनी वही उघडली. तार, बनात, खाका काढणारा, वीज, जागा. बिघडलेला नग, जो त्यांच्याच अंगावर पडतो. परदेशी मालाचे पैसे बाहेर पाठवणारा व्यापारी तीन-तीन महिन्यांनी देतो, तोवर मजुरी त्यांनी खिशातून द्यायची. "तार का भाव मैं नहीं तोड़ सकता, आपा. बनात का भी नहीं. जो टूट सकता है, वही टूटता है."

जे तुटू शकते तेच तुटते. आम्ही पंधरा वर्षे धंदा करतोय, पण इतक्या सरळ शब्दांत हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आणि खरे सांगायचे तर हे आम्हाला ठाऊक होतेच.

भाईजाननी भाव पुन्हा साडेपाचशे केला आणि चाचांना सांगितले की वरच्या खोलीचे एकशे ऐंशी तरी भरून द्या. चाचांनी मान हलवली, वहीत काही लिहिलेही. ते वीस रुपये तिच्या हातात पडले का, हे आम्ही सांगू शकत नाही. चाचा माणूस भला वाटला. पण आमचे काम पुरे होईपर्यंत आम्ही तिथे थांबणार नव्हतो, आणि खरेदी करून निघून जाणारा माणूस याहून जास्त काही बघत नसतो. निघताना म्हातारीने आम्हाला नक्षीचे थोडे तुकडे एका पुडीत बांधून दिले. "घर जा के एक पत्ती बनाना. पूरा शेर मत बनाना," असे म्हणून हसली. ते तुकडेही तिच्या हिशेबातून कापले गेले असतील का, हा विचार आम्हाला गाडीत आला, तेव्हा सतना मागे पडले होते.

तीन आठवड्यांनी पार्सल आले. चाळीस बॅज, एकासारखा एक, तरी नीट बघितले तर प्रत्येक ज्योत किंचित निराळी. शाळेत सगळ्यांना आवडले. एका शिक्षकांनी हातात घेऊन विचारले, "हे मशीनवर होत नाही का?" आम्ही म्हणालो, होते, पण मग हे होत नाही.

आता त्या दीड रुपयाकडे येतो.

एका रात्री इशानंतर थोरलीने आमच्या वह्या काढल्या. जे चाचांच्या वहीत पाहिले तेच आमच्या वहीत निघाले. आमचे कापड गिरणीच्या भावाने, बटणे व्यापाऱ्याच्या भावाने, वीज मीटरप्रमाणे. मागच्या जूनमध्ये एका मोठ्या ऑर्डरमध्ये आम्हाला गणवेशामागे भाव उतरवावा लागला होता. तेव्हा कशात काटलो? खिशाला दीडचा सव्वा केला होता. हंगाम संपल्यावर पुन्हा दीड केला आणि आपण न्याय केला असे समजून विसरून गेलो होतो. दोरा बायकांचा, हेही वहीत कुठे लिहिलेले नव्हते, कारण तो आमचा खर्चच नव्हता. पिशवी न्यायला-आणायला त्याच येत. चार हेलपाटे झाले तरी त्याचा हिशेब नाही. आणि पैसे? शाळेचे बिल निघाले की. म्हणजे चाचांना ते बाहेरचे व्यापारी जसे थांबवतात, तसेच आम्ही आमच्या गल्लीला थांबवत होतो.

धाकटीने घड्याळ लावून स्वतः खिशांना बॅज लावून पाहिले. चारी बाजूंनी बारीक शिलाई, कोपरे दुमडून, दोरा कापून. तासाला बारा झाले, तेरावा होईना. तासाचे अठरा रुपये, त्यातून दोरा वजा. हे कळायला बनारसला जावे लागले. आमची गल्ली चाळीस पावले लांब आहे.

सोलापूरला तर हे नवे नाही. इथे हजारो घरांत बायका विड्या वळतात. तेही घरी बसूनच, सुपात पान-तंबाखू घेऊन. पण विडीवालीला कार्ड आहे, तिच्या नावाने भविष्य निर्वाह निधी कापला जातो. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. हे आपोआप झाले नाही. बायका एकत्र आल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षे मागत राहिल्या. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभ्या केलेल्या 'सेवा' संघटनेतही गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्या शिवणाऱ्या बायका आल्या, त्यात आपल्या मुस्लिम भगिनी मोठ्या संख्येने होत्या. त्याही घरीच शिवत. घरी बसून माल तयार करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेगळा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. म्हणजे विडीवाली कामगार ठरली आणि तिच्या शेजारच्या घरात खिशाला बॅज लावणारी अजून 'फावल्या वेळात चार पैसे कमावणारी'च राहिली. हा शब्द आम्हीही वापरत होतो. दुपारी दोन ते सहा आणि पुन्हा मुले झोपल्यावर दहा ते बारा, हा फावला वेळ कुणाचा असतो?

आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे नाही. दोरा आता आम्ही देतो. दर दोन रुपये केला आणि हंगामात तो उतरवायचा नाही असे ठरवले. पैसे दर गुरुवारी संध्याकाळी, शाळेचे बिल निघो न निघो. मजुराची मजुरी रखडवू नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती गवंड्याला आणि हमालाला लागू आहे असे समजत होतो, शेजारच्या खालाला लागू आहे हे लक्षात आले नव्हते. प्रत्येकीला एक छोटी वही दिली, तिच्या वहीत आम्ही लिहितो आणि आमच्या वहीत ती सही करते. सातपैकी पाच जणींची ई-श्रम नोंदणी झाली. एकीचे वय साठच्या पुढे गेलेले म्हणून तिची होईना, एकीच्या आधारवरचे नाव जुळेना. ते काम अजून चालू आहे.

भाईजान पहिल्यांदा म्हणाले, "असे केले तर आपल्याला काय उरेल?" प्रश्न खोटा नाही. थोडे कमी उरते. एका शाळेची ऑर्डर गेलीसुद्धा, कारण आम्ही जुन्या भावात बसू शकलो नाही. ती ऑर्डर ज्यांनी घेतली त्यांच्याकडे खिशाला किती देतात हे आम्ही ओळखून आहोत. एकट्या घराने दर वाढवून सोलापूर बदलत नाही. त्यासाठी खिसेवाल्यांनाही विडीवाल्यांसारखे एक व्हावे लागेल. आणि त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आम्हीच बसलेलो असू, हेही आम्हाला माहीत आहे.

म्हातारीने दिलेल्या पुडीतून आम्ही पान करून पाहिले. लहान रिंग, फेल्टचा तुकडा, पिवळे सूत, मेण लावलेला दोरा. पहिले पान काकडीसारखे झाले. दुसऱ्याची तार उभी राहिली. तिसरे पान गल्लीतल्या एका मुलीने केले, जी बारावीनंतर घरी बसली आहे, आणि ते पान झाले. तिने आता मुंबईहून थोडा डबका मागवला आहे. सिंह नाही, नावाची आद्याक्षरे भरते. जाकिटाला, पर्सला, बाळाच्या टोपीला लावण्याजोगी. एका अक्षराला किती वेळ लागला, हे ती वहीत लिहून ठेवते आणि मग भाव सांगते. हे आम्ही तिला शिकवलेले नाही. आमच्या वह्या पाहून ती शिकली.

वाचक भगिनींनो, लग्नसराईत आपण ब्लाउजवर, ओढणीवर काम करून घेतो. दुकानदार हजार सांगतो, आपण आठशे म्हणतो. भाव करू नका असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही करतो. फक्त एकदा विचारून बघा, हे बसून कोण करते आणि तिला यातले किती मिळतात. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न त्याच्या कानावर पडलेला असेल. आणि आपल्याच घरातून पिशव्या बाहेर जात असतील, तर आधी स्वतःची वही उघडा.

खिडकीजवळ बसलेल्या त्या सुनेला नवा चष्मा मिळाला असेल अशी आशा करतो. अल्लाह तिच्या डोळ्यांना नूर आणि तिच्या हातांना बरकत देवो. आमीन.